मॅक पत्ता दोनदा सुलटा होतो तेव्हा

एका जुन्या मदरबोर्डवरच्या नेटवर्क चिपचा मॅक पत्ता (म्हणजे नेटवर्कवरची तिची सहा बाइटची ओळख) लिनक्समध्ये भलताच दिसायचा. बोर्डाच्या स्टिकरवर छापलेले सहाही बाइट उलट क्रमाने. मशीन सुरू करणारं बायोसच चिपच्या रजिस्टरमध्ये तसं लिहीत होतं.

गंमत म्हणजे काही मशीन बिनबोभाट चालत होती. पहिल्या बाइटचा सर्वांत खालचा बिट १ असला की पत्ता मल्टिकास्ट, म्हणजे एका चिपचा नव्हे तर गटाचा ठरतो. त्यामुळे स्टिकरवरचा शेवटचा बाइट विषम असेल, तिथेच ड्रायव्हर पत्ता नाकारून रँडम पत्ता द्यायचा, तोही दर बूटला नवा.

बाइट ऑर्डर म्हटलं की हात आपसूक एंडियन (बाइट साठवण्याचा क्रम) बदलणाऱ्या मॅक्रोंकडे जातो. इथे त्यांचा उपयोग शून्य. रजिस्टर वाचणारं रीडएल हे फंक्शन आधीच प्रोसेसरच्या क्रमात आकडा देतं, आणि एक्स८६ प्रोसेसर मुळात लिटल एंडियन, म्हणजे खालचा बाइट आधी ठेवणारे. म्हणून ड्रायव्हरमधल्या पीसीआय आयडीच्या (चिप ओळखायच्या क्रमांकांच्या) तक्त्यात त्या चिपपुढे ‘पत्ता उलटा’ असा फ्लॅग टाकला.

मग केएक्झेकने, म्हणजे बायोसला वगळून चालू कर्नलमधूनच दुसरा कर्नल सुरू करण्याच्या सोयीने, घोळ घातला. पहिल्या कर्नलने सुलटा केलेला पत्ता दुसऱ्याने पुन्हा फिरवला! चिपच्या एका बिटमध्ये ‘सुलटा केलाय’ अशी खूण ठेवली, तर ती स्लीपमध्ये पुसली जायची. शेवटी ड्रायव्हर बंद होताना मूळ उलटा पत्ता परत लिहायला लावला. आता जुना ड्रायव्हर लोड झाला तरी त्याला अपेक्षित तेच सापडतं.

आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीत उलट्या पत्त्यावर आयपी राखून ठेवला असेल, तर ती नोंद मात्र हाताने बदलावी लागते. त्यासाठी वेगळा मॉड्यूल पॅरामीटर (ड्रायव्हर लोड करताना द्यायची सेटिंग) मी मुद्दामच दिला नाही.