सरासरी पगाराची तुलना: आधी व्यवसाय बघा, मग उद्योग

पगारांचे तक्ते करण्यात माझी बरीच वर्षं गेली. माझ्या पहिल्याच तक्त्याने मला तोंडघशी पाडलं होतं. 'या उद्योगात पगार दीडपट' असं मी ठासून लिहिलं. एका सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "मग तिथल्या ड्रायव्हरला किती मिळतात?" मला सांगता येईना.

तेव्हापासून उद्योग आणि व्यवसाय हे दोन रकाने मी कधी एकत्र करत नाही. बँकेची गाडी चालवणारा व्यवसायाने ड्रायव्हर, पण उद्योगाने वित्त क्षेत्रातला. उद्योगांच्या वर्गीकरणासाठी संयुक्त राष्ट्रांचं आयसिक आहे, व्यवसायांच्या वर्गीकरणासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं इस्को-08. इस्कोत 10 मुख्य गट आणि अगदी खालच्या पातळीवर 436 गट. एखाद्या प्रदेशापुरत्या आकडेवारीत 436 पर्यंत उतरू नका. एकेका चौकटीत चार-पाच माणसं उरतात आणि एका गलेलठ्ठ पगाराने सगळं हलतं. त्याच कारणाने सरासरीशेजारी मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला पगार, ठेवाच.

पगार तासावर आणा. महिन्याला 24,000 आणि 208 तास म्हणजे तासाला साधारण 115. 20,000 आणि 160 तास म्हणजे 125. मोठा दिसणारा पगार इथे मागे पडला. बोनस, ओव्हरटाइम धरायचा की नाही ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

आता खरी गंमत. समजा, उद्योग 'अ' मध्ये 90 कामगार तासाला 100 वर आणि 10 अभियंते 300 वर. सरासरी 120. उद्योग 'ब' मध्ये 50 कामगार 90 वर, 50 अभियंते 280 वर. सरासरी 185. 'ब' भारी? पण कामगार असो वा अभियंता, 'ब' मध्ये दोघांनाही कमीच मिळतं! तिथे अभियंत्यांचा भरणा जास्त, एवढंच.

यावर उपाय सोपा आहे. दोन्ही उद्योगांची माणसं एकत्र मोजा: 140 कामगार, 60 अभियंते, म्हणजे 70 आणि 30 टक्के. हेच प्रमाण दोघांना लावा. 'अ' चे 160 होतात, 'ब' चे 147. क्रम उलटला. मी साधी सरासरी आणि ही समान प्रमाणाची, दोन्ही छापते; फक्त दुसरी छापली तर 'ब' मध्ये अभियंत्यांच्या जागा जास्त आहेत हे झाकलं जातं, आणि नोकरी शोधणाऱ्याला तेही हवं असतं.

वर्षावर्षांची तुलना करताना कंत्राटदारीवर नजर ठेवा. कारखान्याने सफाई आणि पहारा बाहेरच्या कंपनीकडे दिला, की ती माणसं दुसऱ्या उद्योगात मोजली जातात. कारखान्याची सरासरी चढते, पगारवाढ मात्र कुणालाच झालेली नसते. आस्थापनांच्या पाहणीत, म्हणजे कंपन्या-कारखान्यांकडून घेतलेल्या माहितीत, स्वयंरोजगारवाले बहुधा नसतातच, तेव्हा तक्त्याच्या डोक्यावर 'फक्त पगारदार' असं लिहा. आणि माणूस राहतो तिथे मोजला की काम करतो तिथे, हेही.