साठ टक्के सूट मिळालेली खोली खरोखर कितीला पडते?

दिवाळीची सुटी जवळ आली की मोबाइलवर हॉटेलांच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांतल्या बहुतेकींची मांडणी सारखीच असते. वर काट मारलेला ८,७५० रुपयांचा दर, खाली ठळक अक्षरांत ३,४९९ रुपये आणि बाजूला लाल पट्टीत ‘६० टक्के सूट’. या तिन्हींपैकी हिशेबात धरण्याजोगा आकडा एकच, मधला. आणि तोही अपुरा. काट मारलेला दर हा दरपत्रकावरचा कमाल दर असतो. ३१ डिसेंबरची रात्र किंवा सलग सुट्यांचा एखादा शनिवार सोडला तर तो सहसा कुणी भरत नाही, त्यामुळे त्याच्याशी तुलना करून मिळालेल्या सवलतीचे समाधान मानण्यात अर्थ नाही.

खरी तुलना तीन दरांशी करावी : त्याच हॉटेलचा पुढच्या महिन्यातल्या एखाद्या मंगळवारचा दर, त्याच तारखांना त्याच परिसरातल्या तशाच हॉटेलचा दर, आणि हॉटेलला थेट फोन केल्यावर सांगितला जाणारा दर. तिसरी चौकशी लोक आळसाने टाळतात, पण माझ्या मते सर्वांत उपयोगी तीच. आरक्षणाची संकेतस्थळे हॉटेलकडून कमिशन घेतात. ते वाचणार असेल तर व्यवस्थापक अनेकदा तोच दर देऊन वर नाश्ता धरून द्यायला तयार होतो. फोन ठेवण्यापूर्वी ठरलेला दर, त्यात काय धरले आहे आणि रद्द करण्याच्या अटी हे सर्व व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने लिहून मागवावे.

आता ३,४९९ रुपयांची खोली उलगडून पाहू. पुण्याचे चौकोनी कुटुंब, मुले ६ आणि १२ वर्षांची, उत्तर गोव्यात तीन रात्री राहणार आहे. (पुढचे दर हिशेबापुरते धरलेले आहेत, आपापले आकडे घालून पाहावेत.) खोलीचे १०,४९७ रुपये होतात. लहान मूल फुकट, मात्र मोठ्यासाठी जादा गादीचे रात्रीला १,२०० प्रमाणे ३,६००. दोन्हींवर ५ टक्के जीएसटी धरला की १४,८०२. संकेतस्थळाचे सुविधा शुल्क ३५० रुपये. नाश्ता दरात नाही, म्हणून चौघांचे माणशी २५० प्रमाणे तीन सकाळींचे ३,०००. हॉटेल किनाऱ्यापासून चार किलोमीटर आत, चौघे एका स्कूटरवर मावत नाहीत, तेव्हा दोन दिवस टॅक्सीने जाण्यायेण्याचे १,२००. बेरीज १९,३५२ रुपये. किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट ठेवणाऱ्या आणि नाश्ता देणाऱ्या दुसऱ्या हॉटेलचा दर कोणतीही सूट न दाखवता ५,२०० रुपये असेल, तर तीन रात्रींचे करासह १६,३८० होतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

कराची एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि हा टप्पा काट मारलेल्या दरावरून नव्हे, तर प्रत्यक्ष आकारलेल्या दरावरून ठरतो. ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० ला पडते, तर ७,६०० ची ८,९६८ ला. दरातला फरक २०० रुपयांचा, खिशातून जाणारा १,१९८ चा. या उंबरठ्याच्या आसपासची खोली असेल तर शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस अवश्य करावी.

जेवणाबाबतची अक्षरे नवख्याला गोंधळात टाकतात. ‘ईपी’ म्हणजे फक्त खोली, ‘सीपी’ म्हणजे खोली आणि नाश्ता, ‘एमएपी’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, ‘एपी’ म्हणजे नाश्ता व दोन्ही जेवणे. गोव्यात बाहेर खाण्याची सोय मुबलक असल्याने ‘सीपी’ पुरेसे होते. पण गावापासून दूर, घाटात किंवा धरणाकाठी असलेल्या रिसॉर्टवर ‘ईपी’ घेणे म्हणजे स्वतःला तिथल्या मेनूकार्डाच्या हवाली करणे होय. डिसेंबर अखेरीस आरक्षण करताना २४ आणि ३१ तारखेचे ‘गाला डिनर’ सक्तीचे आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पैशांइतकाच वेळेचाही हिशेब करावा लागतो. ‘दोन रात्री, तीन दिवस’ या शब्दांत तीन दिवस ऐकू येतात. पण खोली दुपारी दोनला मिळते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला सोडावी लागते, म्हणजे प्रत्यक्षात हाती ४५ तास येतात. आम्ही एकदा रात्रीच्या बसने पुण्याहून निघून सकाळी साडेसहाला म्हापशाला उतरलो. हॉटेलवर पोहोचलो तेव्हा खोल्या रिकाम्या होत्या, तरी लवकर प्रवेशासाठी अर्ध्या दिवसाचे भाडे मागण्यात आले. आम्ही ते नाकारले. मुले स्वागतकक्षातल्या सोफ्यावर बूट न काढताच झोपली, सासूबाई बॅगांवर पाय ठेवून बसून राहिल्या आणि दुपारी दोनपर्यंत तीन वेळा मागवलेल्या चहा-सँडविचचे बिल अर्ध्या दिवसाच्या भाड्याच्या जवळ गेले. तेव्हापासून गाडी किती वाजता पोहोचते हे मी खोलीच्या दराआधी पाहते.

ठिकाणाचा नकाशा उघडून पाहणे हा यापुढचा टप्पा. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत : दाबोळी आणि पेडणे तालुक्यातील मोपा. मोपाचे तिकीट स्वस्त आणि पाळोळ्याची खोली स्वस्त, असे दोन्ही हातांनी लुटल्याच्या आनंदात आरक्षण केले, तर उत्तर टोकावरून दक्षिण टोकाला जाणारी टॅक्सी दोन्ही सवलती गिळून टाकते. रेल्वेने जाणाऱ्यांनीही कळंगुटसाठी थिवी आणि पाळोळ्यासाठी काणकोण हे स्थानक पाहावे. सवयीने मडगावचे तिकीट काढू नये. माथेरानचा प्रकार आणखी निराळा. तिथे गाडी दस्तुरी नाक्यावरच थांबते. पुढे वाहनतळाचे पैसे, प्रवेशकर, अमन लॉज स्थानकापासूनची शटल रेल्वे किंवा घोडा आणि सामानासाठी हमाल, हे सर्व जाहिरातीतल्या दराबाहेर असते, आणि ‘बाजारपेठेपासून दहा मिनिटे’ हे अंतर कोणाच्या पायांनी मोजले आहे हे तिथे गेल्यावरच कळते.

सूट का दिली जात आहे, हा प्रश्न मात्र आपणच आपल्याला विचारायचा असतो. जून ते सप्टेंबर गोव्यात खोल्या स्वस्त मिळतात, कारण त्या काळात किनाऱ्यावरचे शॅक बंद असतात आणि खवळलेल्या समुद्रात उतरणे धोक्याचे असते. पाऊस पाहायलाच जायचे असेल तर यासारखा सौदा नाही. पोहायला जायचे असेल तर तो सौदाच नाही. ऐन हंगामात भरघोस सूट दिसली, तर अलीकडच्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय वाचावेत. शेजारी चालू असलेले बांधकाम किंवा बंद पडलेला तरणतलाव तिथे बहुधा सापडतो.

सर्वांत स्वस्त दर बहुतेक वेळा ‘परतावा नाही’ या अटीसह येतो. घरात लहान मुले किंवा आजारी माणूस असेल, अथवा रजा अजून मंजूर झालेली नसेल, तर रद्द करता येणाऱ्या खोलीसाठी दहा-पंधरा टक्के जास्त देणे मला शहाणपणाचे वाटते. परतावा मिळणार असला तरी तो बँक खात्यात येणार की संकेतस्थळाच्या वॉलेटमध्ये अडकणार, हे वाचून घ्यावे. ‘शेवटच्या दोन खोल्या शिल्लक’ अशा खोट्या घाईला, न विचारता टोपलीत घातलेल्या विम्याला आणि अखेरच्या पायरीवर वाढणाऱ्या दराला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मज्जाव केलेला आहे. त्यामुळे प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट ठेवणे हा नुसता चोखंदळपणा नाही.

मॉलमध्ये कूपन भरल्यावर ‘तीन रात्री मोफत’ लागल्याचा फोन येतो, तो सौदा निराळ्या जातीचा. पती-पत्नी दोघांनी यावे, एवढीच अट असते. आम्ही गेलो तेव्हा तासाभराचे सांगितलेले सादरीकरण साडेतीन तास चालले आणि शेवटी ‘आजच सही केली तर’ असा, दरवर्षी ठरावीक रात्री राहू देणाऱ्या हॉलिडे क्लबच्या सदस्यत्वाचा प्रस्ताव पुढे आला. अशा वेळी कागदावर एवढेच मांडावे : सदस्यत्व ४ लाखांचे, वर्षाला सहा रात्री, वार्षिक देखभाल शुल्क १८,००० रुपये. हेच ४ लाख साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला २६,००० व्याज येते. व्याज आणि शुल्क मिळून ४४,०००, म्हणजे रात्रीला ७,३३३ रुपये झाले, आणि यात मुद्दल, प्रवास व जेवण धरलेलेच नाही. एवढ्या पैशांत हवे ते हॉटेल हव्या त्या तारखेला मिळते. ‘मोफत’ रात्रींची कुपनेही आम्ही वापरली नाहीत. मागितलेली प्रत्येक तारीख ‘हंगामाची’ निघाली.

हॉटेल सोडताना बिल काउंटरवरच उभे राहून वाचावे. आगाऊ भरलेली रक्कम वजा झाली आहे का, मिनीबारमधल्या न उघडलेल्या बाटल्या लावल्या आहेत का आणि जेवणाच्या बिलात सेवा शुल्क आहे का, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. सेवा शुल्क सक्तीचे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे, तेव्हा ते काढायला सांगण्यात संकोच करू नये. काउंटरवर ऐकले नाही तर बिलाचा फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.