थंड ड्रममधील भुकटीला गाठी का धरत होत्या

५ अंश सेल्सिअस तापमानाला साठवलेल्या, ओलावा शोषणाऱ्या भुकटीला वारंवार गाठी धरू लागल्या, तेव्हा माझा पहिला संशय वाहतुकीवर होता. परंतु शीत कंटेनरमधील डेटा लॉगरच्या नोंदी तपासल्यावर प्रवासभर तापमान स्थिर राहिल्याचे दिसले. दोष आमच्याच हाताळणीत होता. ३० अंश तापमानाच्या आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश असतो, म्हणजे त्याहून थंड पृष्ठभाग अशा हवेत उघडा पडला की त्यावर पाणी जमणारच, आणि आम्ही तर ड्रम शीतगृहाबाहेर येताच झाकण काढत होतो.

आता ड्रम न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ देतो. भुकटी उष्णतेची मंदवाहक असल्याने बाहेरचा पत्रा कोमट लागला तरी गाभा बराच काळ थंड राहतो (हाताने चाचपून अंदाज बांधण्याची सवय मोडायला मलाच वेळ लागला), म्हणून २५ किलोच्या ड्रमला पूर्ण एक दिवस देतो.

आतील पिशवी दुहेरी केली असून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवतो, जेणेकरून त्या मालात मिसळत नाहीत. थोडा थोडा माल लागत असेल तेथे पहिल्यांदा उघडतानाच, दमट हवा लागू नये म्हणून कोरड्या नायट्रोजन वायूच्या आवरणाखाली, तो लहान डब्यांत विभागतो. मोठा ड्रम पुन्हा पुन्हा गरम-थंड करणे हेच सर्वांत घातक ठरत होते.