लॉजिकल व्हॉल्यूमवर लिहिण्याचा वेग पडलाय? या चुका टाळा

फाइल कॉपी व्हायला नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागतो, डेटाबेस रेंगाळतो, आणि संशय सगळ्यात आधी एलव्हीएमवर, म्हणजे डिस्कच्या जागेचे लॉजिकल व्हॉल्यूम पाडणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेवर येतो. मग व्हॉल्यूम मोडून सरळ पार्टिशनवर जायची तयारी सुरू होते. एवढ्यात ते करू नका. साध्या लिनिअर (सलग मांडलेल्या) व्हॉल्यूममध्ये डिव्हाइस मॅपरला, म्हणजे एलव्हीएम ज्यावर चालतं त्या कर्नलच्या भागाला, फक्त हा ब्लॉक खालच्या कोणत्या डिस्कवर, कुठे येतो एवढंच काढायचं असतं. तो हिशोब मेमरीत होतो आणि डिस्कच्या कामापुढे त्याचा खर्च किरकोळ असतो. वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला असेल, तर गडबड बहुधा मोजण्यात, व्हॉल्यूमवर राहिलेल्या स्नॅपशॉटमध्ये (एका क्षणाच्या स्थितीच्या प्रतीमध्ये) किंवा खालच्या डिस्कमध्ये असते. तपासायचंही याच क्रमाने.

मोजण्यातच चूक

'डीडी' या कॉपी करणाऱ्या कमांडने शून्यांची एक फाइल लिहायची आणि शेवटी दिसणारा आकडा खरा धरायचा, ही सर्रास होणारी चूक. तो आकडा बरेचदा रॅमचा असतो. लिनक्स आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्येच, लिहून घेतं. न लिहिलेला डेटा उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेला की मागे डिस्कवर लिहायला सुरुवात होते आणि २० टक्क्यांवर लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून धरलं जातं. ही कर्नलची मूळ सेटिंग आहे. 'पहिले काही जीबी झपाट्याने जातात, मग वेग कोसळतो' या तक्रारीत म्हणूनच अनेकदा बिघाड काहीच नसतो. कॅश भरल्यावर डिस्कचा खरा वेग दिसू लागलेला असतो.

याच्या उलटही होतं. ब्लॉकचा आकार सांगितला नाही तर 'डीडी' ५१२ बाइटचे तुकडे पाडतं. त्यात प्रत्येक तुकडा डिस्कवर पोचल्याची खात्री मागितली, तर ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला दर वेळी जवळपास एका फेरीची, म्हणजे सुमारे ८.३ मिलिसेकंदांची वाट पाहावी लागते. सेकंदाला अशी शंभर-सव्वाशे लिखाणं होतात. ४ केबीचे तुकडे घेतले तरी हा वेग सेकंदाला अर्ध्या एमबीच्या आतच राहतो, आणि त्यात एलव्हीएमचा काही दोष नाही.

सलग लिहिण्याचा वेग पाहायचा असेल तर १ एमबीचे ब्लॉक घ्या आणि शेवटी 'एफडेटासिंक' (डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबणं) होईल असं सांगा. डेटाबेससाठी 'एफआयओ' हे चाचणीचं साधन वापरा आणि डेटाबेस ज्या आकाराचे ब्लॉक लिहितो तेच द्या. चाचणी नेहमी फाइलवर करा. 'डीडी'चं लक्ष्य म्हणून चुकूनही व्हॉल्यूमचं डिव्हाइस दिलंत, तर त्यावरची फाइल सिस्टिम पुसली जाईल.

माझ्या मते सगळ्यात कामाची चाचणी वेगळीच आहे. त्याच फिजिकल व्हॉल्यूमवर (एलव्हीएमला दिलेल्या डिस्कवर किंवा पार्टिशनवर) एक छोटा नवा लॉजिकल व्हॉल्यूम बनवा आणि तीच चाचणी त्यावर चालवा. नवा व्हॉल्यूम वेगात चालला तर गडबड जुन्या व्हॉल्यूमच्या रचनेत किंवा फाइल सिस्टिममध्ये आहे. तोही मंद असेल तर खालच्या डिस्ककडे वळा. फिरत्या डिस्कवर आतल्या ट्रॅकचा वेग बाहेरच्यांपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे दोन्हींत थोडाफार फरक दिसणारच.

विसरलेला स्नॅपशॉट

खुद्द एलव्हीएममुळे वेग पडला असेल, तर मी सगळ्यात आधी इथे बघेन. बॅकअपच्या स्क्रिप्टने स्नॅपशॉट घेतला, स्क्रिप्ट मध्येच बंद पडली आणि स्नॅपशॉट तसाच राहिला. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे थिन (सामाईक पूलमधून लागेल तशी जागा घेणारा) नसलेल्या स्नॅपशॉटमध्ये मूळ व्हॉल्यूमच्या एखाद्या चंकवर (ठरावीक आकाराच्या तुकड्यावर) पहिल्यांदा लिहिताना आधी जुना डेटा वाचावा लागतो. मग तो स्नॅपशॉटच्या जागेत लिहायचा, त्याची नोंद करायची आणि त्यानंतर तुमचं लिखाण. एकाच फिरत्या डिस्कवर हे सगळं असेल तर हेड सतत इकडून तिकडे पळत राहतं. शिवाय प्रत्येक जुन्या स्नॅपशॉटची जागा वेगळी असते. तीन राहिले असतील तर कॉपीही तीनदा होते.

यामुळे चाचणीही फसते. त्याच चंकवर दुसऱ्यांदा लिहिताना हा खर्च नसतो. जुन्याच जागेवर पुन्हा लिहून पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं आणि नव्या जागी लिहिणारा डेटाबेस मात्र अडखळत राहतो.

व्हॉल्यूमची यादी दाखवणारी 'एलव्हीएस' कमांड चालवून ओरिजिन हा रकाना बघा. तिथे तुमच्या व्हॉल्यूमचं नाव दिसलं तर त्या ओळीतला व्हॉल्यूम म्हणजे त्याचा स्नॅपशॉट. शेजारी तो किती टक्के भरला तेही दिसतं. पूर्ण भरला की तो बाद होतो आणि कॉपी करणं थांबतं. म्हणून वेग अचानक आपोआप सुधारला तर खुश होण्याआधी तुमचा बॅकअप शाबूत आहे का ते तपासा.

नको असलेला स्नॅपशॉट काढायला 'एलव्हीरिमूव्ह' वापरायचं. इथे काही जण 'एलव्हीकन्व्हर्ट'चा मर्ज पर्याय देतात आणि मोठं नुकसान करून घेतात. मर्जमुळे मूळ व्हॉल्यूम स्नॅपशॉट घेतला त्या क्षणाच्या स्थितीत परत जातो आणि त्यानंतरचं सगळं लिखाण जातं. स्नॅपशॉट खरोखर बराच काळ ठेवायचा असेल तर थिन व्हॉल्यूमचा विचार करा. ते जमत नसेल तर तो बनवतानाच चंक मोठा ठेवा. मूळ आकार ४ केबी असतो आणि ५१२ केबीपर्यंत नेता येतो.

थिन पूल

थिन व्हॉल्यूमवर नव्या जागी पहिल्यांदा लिहिताना पूलमधून जागा मिळवावी लागते, आणि मूळ सेटिंगमध्ये ती आधी शून्यांनी भरली जाते. म्हणून पहिली चाचणी मंद येते. तीच फाइल पुन्हा लिहून मगच मत बनवा. पूल भरला असेल तर लिखाण ६० सेकंद रांगेत थांबतं आणि मग एरर येऊ लागतात. बाहेरून ते सर्व्हर अडकल्यासारखं दिसतं. डेटा आणि मेटाडेटा (कोणता ब्लॉक कुठे आहे याच्या नोंदी), दोन्हींचे टक्के बघा. मेटाडेटाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

खालची डिस्क न बघणं

'एलव्हीएस'ला सेगमेंट आणि डिव्हाइस दाखवायला सांगा. कधीतरी जागा कमी पडली म्हणून व्हॉल्यूम वाढवला गेला आणि नवा भाग वेगळ्या, मंद डिस्कवर गेला, असं हमखास सापडतं. मग जुन्या फाइली वेगात आणि नव्या मंद, असं कोडं पडतं. दोन डिस्क दिल्या म्हणून वेग दुप्पट होत नाही. न सांगता मिळतो तो लिनिअर व्हॉल्यूम, त्यात एक डिस्क भरल्यावर दुसरी सुरू होते. दोन्हींवर एकदम लिहायला स्ट्राइप, म्हणजे डेटाचे तुकडे आळीपाळीने वाटणारे पट्टे, मागावे लागतात.

नंतर डिस्कच्या कामाचे आकडे दाखवणारी 'आयओस्टॅट' कमांड विस्तृत पर्यायासह चालवा आणि प्रत्येक डिस्कचा लिहिण्याचा सरासरी प्रतीक्षाकाळ बघा. मिररमध्ये, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर ठेवताना, लिखाण सगळ्यात मंद डिस्कसाठी थांबतं. त्यामुळे जोडीतल्या एकीचा आकडा दुसरीच्या कित्येक पट असेल तर दोषी सापडली. तिचा 'स्मार्टसीटीएल' अहवाल, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा अहवाल, बघा. पेंडिंग (नीट वाचता न येणारे) सेक्टर वाढत असतील तर डिस्क बदलायची वेळ आली. सीआरसी एरर (डेटा पाठवताना होणाऱ्या चुका) वाढत असतील तर आधी केबल बदलून पाहा.

रेड ५ वर, म्हणजे अनेक डिस्कवर डेटा आणि पॅरिटी वाटून ठेवणाऱ्या रचनेवर, एका छोट्या लिखाणासाठी दोन वाचनं आणि दोन लिखाणं होतात, हे गृहीत धरा. रेड कंट्रोलरची बॅटरी संपली की अनेक कंट्रोलर राइट-बॅक कॅश (लिखाण आधी कॅशमध्ये घेऊन नंतर डिस्कवर उतरवणारी) बंद करतात, आणि एका रात्रीत वेग पडण्यामागे हे कारण असू शकतं. मागे रेडचं सिंक किंवा 'पीव्हीमूव्ह' (डेटा एका डिस्कवरून दुसरीवर हलवणं) चालू असेल तर ते संपू द्या.

भलत्याच ठिकाणी इलाज

डर्टी रेशो, म्हणजे वर सांगितलेली २० टक्क्यांची मर्यादा, वाढवल्याने डिस्क वेगवान होत नाही, कॅश उशिरा भरते इतकंच, आणि वीज गेली तर जास्त डेटा जातो. शेड्युलर (डिस्ककडे जाणाऱ्या कामांचा क्रम ठरवणारा) बदलायचा तर खालच्या डिस्कवर बदला. 'एलव्हीएम.कॉन्फ'मधल्या 'इश्यू डिस्कार्ड्स'चा फाइल सिस्टिमच्या ट्रिमशी (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवण्याशी) संबंध नाही. ती सेटिंग व्हॉल्यूम काढताना किंवा लहान करताना लागू होते. ट्रिम करणारी 'एफएसट्रिम' कमांड तिच्याविना चालते. मध्ये एन्क्रिप्शनचा थर असेल तर मात्र तिथे डिस्कार्डला वेगळी परवानगी द्यावी लागते. एसएसडीची कॅश जोडूनही लिहिणं वेगवान झालं नाही तर मोड बघा. मूळ मोड राइट-थ्रू असतो, त्यात लिखाण खालच्या डिस्कपर्यंत पोचेपर्यंत थांबावंच लागतं. राइट-बॅकने वेग मिळतो, पण ती एसएसडी मेली तर खाली न उतरलेला डेटाही जातो. म्हणून राइट-बॅक करायचंच असेल तर कॅशसाठी दोन एसएसडींचा मिरर करा.

आणि ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम नुकतीच बनवली असेल तर घाई करू नका. माउंट केल्यावर कर्नल मागे इनोड टेबल (फाइलींच्या नोंदींचा तक्ता) लिहीत राहतो. कोण किती लिहितंय ते दाखवणाऱ्या 'आयओटॉप'मध्ये 'ईएक्सटी४लेझीइनिट' दिसत असेल, तर तो संपेपर्यंत घेतलेला कोणताही आकडा धरू नका.