जुना कॅल्क्युलेटर हातात आलाय? आधी या चुका टाळा

चाळीस-पन्नास वर्षं माळ्यावर टिकलेला कॅल्क्युलेटर एका रविवारी दुपारी अर्ध्या तासात मरतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता लिहूनच टाकतोय. ठाण्यात नौपाड्यात माझ्या घरी लोक असे जुने पीस घेऊन येतात, आणि बिघाड काय झालाय यापेक्षा आणायच्या आधी त्यावर काय काय करून झालंय हेच मला पहिलं विचारावं लागतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सेल काढून नुसत्या चार्जरवर चालू करून बघणं. मागच्या गणपतीच्या आधी कोपरखैरण्याचा एक मुलगा आला होता. त्याच्या वडिलांचा एचपी कंपनीचा कॅल्क्युलेटर एचपी-२५, म्हणजे १९७५ चं मॉडेल, ४९ स्टेपचा प्रोग्राम भरता येणारा. वडील नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एका केमिकल कंपनीत इंजिनिअर होते, ते गेल्यावर कपाट आवरताना पाऊच, चार्जर, पुस्तक असं सगळं सापडलं. फोनवर मी त्याला स्पष्ट म्हटलं होतं, काही करू नकोस, आहे तसा घेऊन ये. पण धीर निघाला नाही. सेलचा पॅक पांढरा पडलेला दिसला म्हणून काढून फेकला आणि चार्जर लावला. "काका, चालतो का एवढंच बघितलं." आकडे एकदम लख्ख लाल पेटले म्हणाला, नेहमीपेक्षा जास्तच, आणि गेले. मी उघडला तर आत बोर्ड चकचकीत, कुठे गंजाचा ठिपका नाही, बटणं नवी असल्यासारखी टकटक वाजत होती. फक्त चिप गेलेली. ती चिप नवी कुठे बनत नाही, दुसरा एखादा बंद पडलेला पीस मिळाला तर त्यातूनच काढायची. तो मुलगा बराच वेळ नुसता तो हातात धरून बसला होता, मला काय बोलावं सुचेना.

कारण समजून घ्या म्हणजे विसरणार नाही. या मॉडेलमध्ये दोन निकेल-कॅडमियम सेल असतात, दोन्ही मिळून २.४ व्होल्ट, आणि चार्जरकडून येणारं व्होल्टेज दाबून ठेवायचं काम तेच करतात. सेल नसले की ते चढतं आणि सरळ चिपवर जातं. सेल बसवलेत पण आतून मेलेत किंवा कॉन्टॅक्ट गंजलाय, तरी तेच. म्हणून माझ्या टेबलावर जुना चार्जर लागतच नाही. दोन पेन्सिल साईजचे (एए) रिचार्जेबल सेल आणायचे, बाहेरच्या चार्जरमध्ये चार्ज करायचे, मग आत घालायचे. फुकट घाई करून काय मिळतं मला खरंच कळत नाही.

दुसरी चूक म्हणजे गळलेल्या सेलवर खायचा सोडा चोळणं. व्हिडिओत बघतात आणि करतात. अरे, सोडा हा अ‍ॅसिड मारायला, गाडीच्या बॅटरीवर ठीक आहे. अल्कलाइन किंवा निकेल-कॅडमियम सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे मुळातच अल्कली, त्यावर सोडा टाकून काय होणार? तिथे पांढरं व्हिनेगर लागतं, नसेल तर लिंबाचा रस. मी इअरबड व्हिनेगरमध्ये बुडवून पिळून घेतो आणि पांढऱ्या खरपुडीवर नुसता टेकवतो, बारीक फसफस होते, ती थांबली की नवा बड, असं चार-पाच वेळा. मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), आणि रात्रभर पंख्याखाली. साध्या जुन्या टॉर्चच्या सेलमधून गळतं ते मात्र आम्लधर्मी असतं, तिथे सोडा चालतो, म्हणजे आधी कुठला सेल होता ते वाचा. आणि कॉन्टॅक्ट चमकला म्हणजे काम झालं असं नाही, आपल्याकडच्या दमट हवेत गंज वायरच्या प्लास्टिकखालून आतपर्यंत सरकतो. वायरचं टोक थोडं सोलून बघा, तांबं हिरवं-काळं दिसलं तर ती वायर बदलाच, त्यावर सोल्डर धरत नाही.

थिनर आणि नेलपेंट रिमूव्हर कॅल्क्युलेटरच्या जवळसुद्धा आणू नका, बॉडीचं एबीएस प्लास्टिक विरघळतं. डिस्प्लेवरची पारदर्शक काच बहुतेक वेळा काच नसून अ‍ॅक्रिलिक असते, तिला आयपीए लागलं की केसासारख्या चिरा पडू शकतात, त्यामुळे तिथे साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बस.

बटणं घासताना आकडा छापलेला आहे की आरपार ओतलेला, म्हणजे दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकचा आतपर्यंत गेलेला आहे, हे आधी बघा. जुन्या एचपीचे आरपार असतात, ते टिकतात. छापलेल्या बटणावर टूथपेस्ट घासलीत तर आकडा गेलाच समजा.

स्क्रू दिसत नाहीत म्हणून स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, मागच्या रबरी पायांखाली किंवा लेबलखाली बोटाने दाबून बघा, खड्डा लागतो.

एलसीडीवाल्या पीसमध्ये अर्धे आकडे दिसत नसतील तर आतली काळ्या रेघांची चिकटवलेली पट्टी ओढू नका, पुसू नका, तिच्यावर सोल्डरिंग गनही टेकवू नका. त्या पट्टीच्या दुरुस्तीचं काम आधी टाकाऊ कॅल्क्युलेटरवर शिका, पाच-सहा खराब झाले तरी चालतील, मग घरातल्यांच्या आठवणीच्या वस्तूला हात लावा.

पिवळी पडलेली बॉडी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायची पद्धत आहे, मला फारशी आवडत नाही. लेप कमी-जास्त लागला की पांढरे चट्टे पडतात आणि ते जात नाहीत, शिवाय मे महिन्यातल्या ठाण्याच्या उन्हात गच्चीवर प्लास्टिक वाकतं. करायचंच तर बोर्ड, बटणं, लेबल सगळं काढून, डिसेंबर-जानेवारीत, आणि दर तासाला फिरवत.

माझ्याकडचे सगळे पीस मी जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत सेल काढून एअरटाइट डब्यात ठेवतो, प्रत्येकात सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि शेवटचा कधी चालू केला त्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी. त्या मुलाचा एचपी-२५ पण त्यातच आहे, चिप मिळेपर्यंत.