हजाराच्या आतली रेड वाईन, सहा जण आणि कागदात गुंडाळलेल्या बाटल्या

रेड वाईनची एकच बाटली आणली आणि प्यायली तर फार काही कळत नाही. मी तीन-चार वर्षं तसंच केलं, दर वेळी नवीन लेबल बघून बाटली आणायची, उघडायची आणि "बरी आहे" किंवा "जरा तुरट आहे" एवढं म्हणून संपवायची. मग एकदा योगायोगाने दोन बाटल्या एकाच संध्याकाळी उघडल्या गेल्या, एक शिराझ आणि एक सांजोव्हेजे (ही द्राक्षांच्या जातींची नावं), आणि आलटून पालटून घोट घेतले तेव्हा एकदम लख्ख कळलं की पहिली जाड आहे, मिरीसारखी तिखटसर आहे, आणि दुसरी पातळ, आमसुलाच्या सारासारखी आंबट आहे. म्हणून हे सगळं लिहितोय. महागड्या बाटलीची काही गरज नाही, स्वस्तातल्या तीन वेगळ्या बाटल्या आणि पाच-सहा मित्रमैत्रिणी एवढं जमवा, बाकी सगळं घरात असतंच.

आधी हिशोब. बाटली 750 मिलीची असते. सहा जण आणि तीन बाटल्या धरल्या तर प्रत्येकाला प्रत्येक वाईन 60 मिली चाखायला द्यायची, म्हणजे एकूण 1080 मिली त्यात जाते आणि उरलेली 1170 मिली नंतर जेवणाबरोबर ज्याला जी आवडली ती घ्यायला राहते. माणशी अर्धी बाटली होते, त्याच्या पलीकडे जाऊच नका, कारण तिसऱ्या ग्लासानंतर जिभेला काही फरक कळत नाही. काँट्रिब्युशन काढलं तर बाहेर एकदा जेवायला जातो त्यापेक्षा कमीच पडतं.

खरेदीचं जरा नीट सांगतो कारण तिथेच निम्मं काम होतं. आपल्याकडच्या बऱ्याचशा वाईन शॉपमध्ये व्हिस्की आणि बिअरचंच राज्य असतं, वाईनला कोपऱ्यातलं एखादं कपाट नाहीतर काचेचं शोकेस मिळतं, आणि ते शोकेस बऱ्याचदा रस्त्याकडे तोंड करून दुपारच्या उन्हात असतं. तिथली बाटली घेऊ नका, दुकानदाराला सरळ सांगा "दादा, आतली द्या." मी एकदा उन्हातलीच घेऊन आलो होतो, मे महिना होता, उघडली तर मनुका शिजवून ठेवल्यासारखा वास आणि चवीत नुसतं गोडसर-कडवट काहीतरी, फळाचा पत्ता नाही. वाईन उन्हाने अक्षरशः शिजते. दुसरं म्हणजे लेबलवरचं वर्ष बघा. स्वस्त रेड वाईन साठवून ठेवायला बनवलेलीच नसते, ती दोन-तीन वर्षांच्या आतली ताजी घ्यायची, "जुनी तेवढी चांगली" हे हिला लागू नाही. आणि फिरकीचं झाकण असलं तर नाक मुरडू नका, उलट बूच खराब निघायची भीती नाही.

कुठल्या घ्यायच्या? तीन वेगळ्या द्राक्षांच्या घ्या, हा एकच नियम पाळा. नाशिककडची एक शिराझ घ्या, सुला किंवा यॉर्क, कुठल्याही कंपनीची. अकलूजच्या फ्रटेलीची सांजोव्हेजे मिळाली तर जरूर घ्या, हे इटलीतलं द्राक्ष आहे आणि त्या कंपनीत इटलीची मंडळी भागीदार असल्यामुळे ते थेट सोलापूर जिल्ह्यात येऊन रुजलं. तिसरी कॅबरने सॉव्हिन्यों, किंवा कॅबरने आणि शिराझ मिसळलेली, बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर झाम्पाची अशी वाईन आपल्याकडे सहज मिळते. परदेशी वाईनवर आयात शुल्क इतकं बसतं की त्याच पैशात देशी वाईन बहुतेक वेळा वरचढ निघते. गोव्याहून आणलेली पोर्ट घरात पडली असेल, आपल्यातल्या कित्येकांची पहिली रेड वाईन तीच असते, तर तीसुद्धा ठेवा पण सगळ्यात शेवटी, कारण ती गोड असते आणि गोडावर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाईन प्यायली की ती उगाचच कडू लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. रेड वाईन "रूम टेंपरेचरला" प्यायची असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ती रूम युरोपातली हो, आपल्या पुण्या-नागपुरातली एप्रिलमधली नव्हे! तिला 16 ते 18 डिग्री लागतात आणि आपल्या हॉलमध्ये असतात 32. एवढी गरम वाईन प्यायली की फळ-बिळ काही लागत नाही, नुसता अल्कोहोल नाकात जातो आणि घसा जळतो, मग लोक म्हणतात रेड वाईन आपल्याला नाही आवडत. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर बसलो होतो तेव्हा मी मुद्दाम एकाच वाईनच्या दोन बाटल्या आणल्या, एक टेबलावर ठेवली आणि दुसरी पाऊण तास फ्रिजमध्ये, आणि कुणाला न सांगता दोन्ही ग्लासांत ओतल्या. सहापैकी सहा जण म्हणाले की या दोन वेगळ्या वाईन आहेत, आणि चौघांनी थंडवालीला महागडी ठरवलं. तर बाटली निदान 40-45 मिनिटं, खोली फार तापलेली असेल तर आणखी, फ्रिजमध्ये ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही, आणि हाताला गारसर लागली की बाहेर काढायची. फार गार झाली तर तुरटपणा वाढतो, मग ग्लास तळहातात धरून बसायचं, पाच-दहा मिनिटांत येते ताळ्यावर.

मंडळी यायच्या आधी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, गळ्यापर्यंत, वर रबरबँड आणि मार्करने 1, 2, 3. हे पोरखेळ वाटेल पण याच्याशिवाय बसूच नका. फ्रान्समध्ये बोर्दो विद्यापीठातल्या फ्रेडेरिक ब्रोशे नावाच्या संशोधकाने वाईन शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना एक व्हाईट वाईन आणि तीच व्हाईट वाईन लाल रंग घालून दिली होती, तर त्या पोरांनी लाल दिसणारीला रेड वाईनचेच शब्द वापरले. शिकलेल्या लोकांचं हे होतं तर आपण लेबल आणि किंमत बघून काय चाखणार. आणि झाकलेल्या बाटलीचा खरा फायदा वेगळाच आहे, ज्याला वाईनमधलं काही कळत नाही असं सगळे म्हणतात तो माणूस बोलायला लागतो.

ग्लास वर निमुळते होणारे असले तर उत्तम, नसले तर साधे काचेचे चालतील पण सगळ्यांचे सारखे हवेत, आणि स्टीलचे पेले किंवा कागदी कप नकोत. साबणाचा वास राहिलेला नसावा, एकदा नुसत्या गरम पाण्याने विसळून घ्या. ग्लास पाव भागापेक्षा जास्त भरायचा नाही. मग पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघा, जांभळट असेल तर वाईन तरुण, विटकरी झाक असेल तर वय झालेलं. ग्लासच्या कडेने ओघळ उतरतात त्यावरून लोक दर्जा सांगतात, तसलं काही नसतं, ते मुख्यतः अल्कोहोलमुळे होतं. रंगावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो वासावर. ग्लास टेबलावरच ठेवून गोल गोल फिरवायचा, नाक आत घालून दोन-तीन छोटे श्वास घ्यायचे, आणि मनात जे पहिलं येईल ते कागदावर लिहायचं, बोलायचं नाही. एक जण मोठ्याने "चेरी" म्हणाला की सगळ्यांना चेरीच लागते. तसं बघितलं तर ब्लॅककरंट आपल्यातल्या किती जणांनी खाल्लंय? आपल्या तोंडात आहेत त्या चवी लिहा. जांभूळ, करवंद, कोकम, काळ्या मनुका, मिरपूड, लवंग, विड्याचं पान, ओली माती, नवी वही, चामड्याची चप्पल, काहीही. आमच्याकडे एका मैत्रिणीची आई सहज डोकावली होती, काकू पीत नाहीत, पण दोन नंबरचा ग्लास हुंगून म्हणाल्या, "अगं, मसाला कुटताना मिरी आधी फुटते ना, तसा वास येतोय याला." दोन नंबर शिराझ होती. शिराझमध्ये रोटुंडोन नावाचं जे रसायन असतं तेच काळ्या मिरीतही असतं, म्हणजे काकूंचं नाक अगदी बरोबर होतं. तसंच कॅबरनेमध्ये कधी कधी कच्च्या ढोबळी मिरचीचा वास येतो, तो भास नसतो, ढोबळी मिरचीतलंच पायराझिन नावाचं रसायन वाईनमध्येही असतं.

मग घोट. गिळायची घाई नको, चूळ भरल्यासारखी सगळ्या तोंडातून फिरवा आणि चार गोष्टी विचारा: गोड आहे का, आंबट किती (तोंडाला पाणी किती सुटतं त्यावरून कळतं), तुरट किती आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते. तुरटपणाला आपले लोक फार घाबरतात म्हणून एक सोपा प्रयोग सांगतो. मंडळी यायच्या आधी कोरा चहा दहा मिनिटं मुरवून ठेवा, बिनसाखरेचा. तो प्यायल्यावर हिरड्या आणि जिभेवर जी कोरड पडते ते टॅनिन, रेड वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून तेच येतं. आता त्याच चहात थोडं दूध घाला आणि परत प्या, कोरड गेली ना? दुधातलं प्रोटीन टॅनिनला धरून ठेवतं. वाईनबरोबर चीज खातात त्यामागेही हेच कारण आहे.

आमच्यातला एक निफाडकडचा आहे, घरी थॉमसन द्राक्षांची बाग. तो म्हणाला खायच्या द्राक्षाला पातळ साल आणि बी नाही म्हणून आम्ही जपतो, आणि वाईनवाल्यांना नेमकं उलटं हवं, बारीक मणी, जाड साल, आत बिया. बहुतेक लाल द्राक्षांचा रससुद्धा पांढराच असतो, रंग सालीतून उतरतो, म्हणून रेड वाईन सालीसकट आंबवतात. त्यानेच सांगितलं की आपल्याकडे वेल युरोपसारखा थंडीत झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी (फळासाठी) अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. तिकडे युरोपात सप्टेंबरला तोडणी, म्हणजे लेबलवर सारखंच वर्ष असलं तरी आपली वाईन सहा-सात महिने मोठी असते. त्या दिवसांत नाशिकला गंगापूर धरणाकडे गेलात तर बागेतला एक मणी (विचारून) तोडून चावून बघा, साल चघळली की टॅनिन कळतं.

खाण्याचं. चाखताना नुसता पाव किंवा साधी पोळी आणि पाणी, बाकी काही नाही. चाखणं झालं की मग खारे शेंगदाणे, चीज, भाजलेलं पनीर, आणि जेवायला मटण सुकं पण तिखट हात आखडता घेऊन. झणझणीत कोल्हापुरी रस्सा आणि रेड वाईन यांचं जमत नाही, मिरचीची आग आणि अल्कोहोलची जळजळ तोंडाला एकाच वाटेने कळते, दोन्ही एकमेकांना पेटवतात. तिखटच करायचं असेल तर कमी तुरट, कमी अल्कोहोलवाली वाईन घ्या आणि जास्त गार करा. बांगडा, सुरमई नकोच, वाईनमधल्या लोहामुळे माशाला धातूसारखी उग्र चव येते. शाकाहारी मंडळींसाठी भरली वांगी, त्यातलं दाण्याचं कूट आणि तेल तुरटपणा छान झेलतं, आमच्याकडे सगळ्यात आधी वांगीच संपली.

कागद वाचून दाखवायचे, मग प्रत्येकाने सगळ्यात आवडती आणि सगळ्यात महाग वाटलेली असे दोन नंबर सांगायचे आणि मगच वर्तमानपत्र फाडायचं. हा जो क्षण आहे ना त्यासाठी सगळा खटाटोप. आमच्याकडे सगळ्यात स्वस्त बाटली पहिली आली होती.

एखादी वाईन खराब निघाली तर ओळखायचं कसं? ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीचा कुबट वास आला तर बूच बिघडलंय, शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरसारखा, आला तर हवा लागलीय, सरळ बाजूला ठेवा. नुसती बंद बंद वाटली, वासच येत नाही, तर जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा, बऱ्याचदा खुलते.

पिण्याचा परवाना काढून ठेवा, घोटाघोटाला पाणी प्या, आणि गाडीला कुणीही हात लावायचा नाही, रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि ती फार लवकर गाठली जाते. रिक्षा किंवा कॅब, नाहीतर गाद्या घालून सगळे तिथेच.

उरलेल्या बाटल्या झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, दोन-तीन दिवस टिकतात. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातला एक घोट परत चाखाच, तोच कागद समोर ठेवून. आमची तीन नंबरची कॅबरने, जिच्यापुढे चौघांनी "कडक, नको" लिहिलं होतं, ती दुसऱ्या दिवशी इतकी मऊ झाली होती की मी फोन करून दोघांना परत बोलावलं.