मियाटाचा क्लच सुटत नाहीये? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे बघा

सिग्नलला उभं असताना पहिला गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर होते, आणि इंजिन बंद केलं की तेच गिअर अलगद पडतात, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाहीये. अशावेळी "क्लचप्लेट गेली" हे ठरलेलं उत्तर ऐकायला मिळतं आणि गिअरबॉक्स खाली काढायचा खर्च पुढे ठेवला जातो. पण १९८९ ते २००५ दरम्यानच्या माझ्दा मियाटा म्हणजे एमएक्स-५ मध्ये बऱ्याचदा खरा गुन्हेगार असतो बाहेरून दोन बोल्टवर बसलेला छोटा स्लेव्ह सिलेंडर, म्हणजे फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा खालचा सिलेंडर. अमेरिकेत जुनी मियाटा घेतलेल्या आपल्या मंडळींनी तर हे वाचाच, कारण तिकडे मजुरीच जास्त लागते.

आधी एक फरक लक्षात घ्या. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस दिली की आरपीएम चढतात पण स्पीड वाढत नाही, तर क्लच घसरतोय, तिथे प्लेटवरच संशय घ्या. न सुटणं हा वेगळा आजार आहे आणि तिथे हायड्रॉलिककडे, म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या फ्लुइडच्या सिलेंडर आणि पाइपकडे आधी बघायचं.

बॉनेट उघडा. फायरवॉलवर क्लचच्या मास्टर सिलेंडरची (पेडल दाबल्यावर फ्लुइड ढकलणारा वरचा सिलेंडर) छोटीशी टाकी दिसेल, ब्रेकच्या टाकीपेक्षा वेगळी. लेव्हल खाली असेल तर फ्लुइड (क्लचमध्येही ब्रेक फ्लुइडच असतो) कुठेतरी गळतोय, तो आपोआप उडून जात नाही. फ्लुइड काळा झाला असेल तर आतले रबर झिजतायत असं धरून चाला. मग मास्टरच्या खाली रंग फुगलाय का, पापुद्रे सुटलेत का बघा, ब्रेक फ्लुइड रंग खातो. आत वाकून क्लच पेडलच्या वर जिथे दांडी फायरवॉलमध्ये जाते तिथे बोट फिरवा, ओलं लागलं तर मास्टर गेला.

आता पेडल. दाबून धरा आणि हलू नका. हळूहळू क्लच परत लागायला लागला, म्हणजे गिअरमध्ये उभी गाडी पुढे सरकायला लागली आणि बाहेर कुठेही गळती नाही, तर मास्टरच्या आतला कप फ्लुइड मागे सोडतोय (ही टेस्ट मोकळ्या जागेत करा हो, पुढे कुणाची गाडी लावलेली नको). दोन-चार वेळा पंप केल्यावर गिअर पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलेंडरचं सील थकलंय.

खरा निकाल मात्र गाडीखाली लागतो. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर खाली अजिबात जायचं नाही. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला असतो, स्टिअरिंग डावीकडे असो की उजवीकडे. त्याची रबरी टोपी जरा मागे सारा. आतून फ्लुइड सांडला तर आणखी तपास करायची गरजच नाही, नवीन स्लेव्ह आणा. कोरडं असेल तर कुणालातरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि स्लेव्हमधून क्लचच्या फोर्कला ढकलणारी दांडी किती सरकते ते बघा, साधारण अर्धा इंच म्हणजे १२-१३ मिमी सरकायला हवी. कमी सरकली तर दोष हायड्रॉलिकमध्ये: हवा, मास्टर, स्लेव्ह किंवा फुगणारा जुना रबरी पाइप, तो दाबताना हाताला कळतो. पूर्ण सरकली आणि तरीही गिअर करकरतोय, तर मात्र प्रेशर प्लेट, फोर्क, पायलट बेअरिंग वगैरे आतल्या भागांचा दोष, म्हणजे गिअरबॉक्स उतरवायलाच लागणार. स्लेव्ह बोल्टमधून सोडलेला असताना पेडल चुकूनही दाबू नका, पिस्टन बाहेर उडतो.

स्लेव्ह बदलत असाल आणि मास्टरही तितकाच जुना असेल तर दोन्ही एकदमच बदला असं मी म्हणेन, नवीन स्लेव्ह बसवल्यावर काही महिन्यांत मास्टर गळायला लागतो हे नेहमीचं रडगाणं आहे. पाइपचा नट उघडायला फ्लेअर नट पाना (नटला जवळजवळ सगळीकडून धरणारा) वापरा, साध्या पान्याने त्याच्या कडा गोल होतात.

हवा काढायला दोघं लागतात. स्लेव्हवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवायचं, वरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने निपल उघडून लगेच बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. सुरुवातीला पेडल स्वतःहून वर येत नाही, हाताने ओढा. टाकी लहान आहे त्यामुळे दर थोड्या वेळाने भरत राहा, एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. फ्लुइड डॉट ३ किंवा ४, सिलिकॉनवाला डॉट ५ मिसळायचा नाही आणि इंजिन ऑइल तर मुळीच नाही, रबर फुगून बसतात. रंगावर सांडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.